उलटी सुरगाठ

मासे गरवायचा रॉड घेणे हे निमित्त होते. सम्यकला अण्णांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला अकरा वर्षे उशीर झाला होता.

ठाकूरद्वाराच्या नाक्यावर तो ठरल्या वेळेआधी अर्धा तास येऊन उभा राहिला. डिसेंबरातली शनिवारची दुपार होती. ऊन होते, पण त्याला धार नव्हती. काय बोलायचे ते तो मनात पुन्हा पुन्हा जुळवत होता. वाक्य तयार होई, आणि समोरून पांढऱ्या केसांचे कोणी येताना दिसले की निसटून जाई. तो एकतीस वर्षांचा होता, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम करत होता, लोकांशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होता. अशा माणसाला एखादे वाक्य जड जाणे नवीन नव्हते. पण हे वाक्य फक्त चार शब्दांचे होते. ती काठी मी मोडली.

अण्णा भुयारी मेट्रोच्या जिन्यातून वर आले ते एखाद्या जहाजातून उतरल्यासारखे, कठड्याला धरून आणि आजूबाजूला कौतुकाने पाहत.

"मेल्या, जमिनीखालून आलो!" लांबूनच ते ओरडले. "दादरला बसलो आणि गिरगावात उगवलो. समुद्र खाली गेला की मी वर आलो, काय पत्ताच लागला नाही."

सम्यक वाकून नमस्कार करू लागला, तर त्यांनी त्याचे कोपर धरून त्याला वर उचलले आणि नीट न्याहाळले. "जिवंत आहेस म्हणायचा. केस कुठे गेले रे तुझे?"

"गेले, अण्णा."

"माझे बघ. सदुसष्टाव्या वर्षी कंगवा लागतो."

अण्णा म्हणजे रमाकांत परब. डिलाईल रोडच्या चाळीत सम्यकच्या खोलीपासून चौथी खोली त्यांची. आता ती चाळ पाडायला घेतली होती. टॉवर उभा राहीपर्यंत कोणी लालबागला, कोणी दादरला असे सगळे भाड्याच्या घरांतून पांगले होते. खोली रिकामी करताना सम्यकला माळ्यावर जुन्या अंकलिपीच्या पुस्तकामागे एक डबी सापडली होती. डबीत कोंबडीच्या पिसांच्या, गळांवर दोऱ्यांनी बांधलेल्या सात माश्या होत्या. त्या रात्रीपासून त्याला चैन नव्हते. मागच्या आठवड्यात त्याने अण्णांना फोन केला आणि जे सांगायचे ते सोडून भलतेच बोलला: "अण्णा, पुन्हा सुरू करावं म्हणतोय. एकच रॉड घेईन, सगळीकडे चालेल असा. निवडायला याल?"

मग अण्णा म्हणाले होते, "येतो. न येऊन सांगतो कुणाला?"

गरवायला तर सगळेच जातात. गळाला आमिष लावायचे, दोरीला शिसे बांधायचे आणि फेकायचे. शिशाच्या वजनाने दोरी जाते. अण्णांची तऱ्हा निराळी होती. मालवणच्या खाडीवर लहानपणी गरी टाकून वाढलेला हा माणूस मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, लागला. तिथला पारशी मास्तर दर उन्हाळ्यात काश्मीरला ट्राऊट मासे धरायला जाई. त्याच्या काठीवरच्या कड्यांचे दोरे सुटले, की ते पुन्हा गुंडाळण्याचे काम तो अण्णांकडे देई, कारण मागावर तुटलेली सुताची तार सांधण्यात अण्णांचा हात धरणारे खात्यात कोणी नव्हते. संपानंतर गिरणीला कुलूप लागले तेव्हा जाताना मास्तर ती मधाच्या रंगाची काठीच अण्णांना देऊन गेला. तिच्या दोरीला शिसे नसे. टोकाला पिसांची बिनवजनाची माशी, आणि वजन दोरीचेच. म्हणून माशी फेकायची नाही, दोरी फेकायची. डोक्यावरून मागे न्यायची, ती मागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचे, आणि मग पुढे सोडायची.

हे शिकण्यासाठी काश्मीर लागत नाही, चाळीची गच्ची पुरते. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून अण्णांनी दोघांना गच्चीवर शिकवले: एक त्यांची मुलगी प्राची, दुसरा सम्यक. रविवारी भरतीची वेळ पाहून तिघे कफ परेडच्या मच्छीमार नगराकडे जात, होड्यांच्या पलीकडच्या खडकांवर. तिथे बोंबील वाळत घालणारी रखमा कोळीण रोज नवा टोमणा तयार ठेवी. "काय वो परबभाऊ, समुद्राला वारा घालताव काय? त्याला घाम आला काय?" त्यांना मासे फारसे मिळत नसत. एकदा प्राचीच्या माशीवर हातभर जिताडा लागला, तेव्हा रखमा पाटी टाकून खडकापर्यंत धावत आली होती. प्राची डावखुरी होती. तिच्या हातात काठी गेली की दोरी हवेत लिहिल्यासारखी चाले. सम्यकचा हात घाईचा. पण गाठी बांधणे त्याला जमू लागले, कारण त्या त्याला प्राचीने शिकवल्या. चाळीच्या जिन्यात शेजारी शेजारी बसून, ती जशी बोटे फिरवी तशीच आपली फिरवत.

हे सगळे तीन वर्षे चालले, आणि एका गुरुवारी संपले. अण्णा गावी पूजेला गेले होते. काठी नेहमीप्रमाणे त्यांच्या दाराबाहेर, गॅलरीत दोन खिळ्यांवर, कापडी पिशवीत टांगलेली होती. एकट्याने तिला हात लावायचा नाही असा नियम होता. सम्यकने ती काढली. गच्चीला कुलूप होते, म्हणून आपल्या खोलीत नेऊन जोडली, नुसती हातात धरून बघावी म्हणून. आई, मायाबाई, मोरीतून घामाघूम होऊन आली आणि सवयीने तिने भिंतीवरचे बटण दाबले. पंखा फिरला. आवाज अगदी लहान झाला, सुपारी फुटावी एवढाच. काठीचे वरचे चार बोटे टोक कडीसकट खाली पडले.

त्याने ते टोक पिशवीत घातले, पिशवी बांधली, परत खिळ्यांवर टांगली. अण्णा आले की सांगू, असे ठरवले. रविवारी पहाटे दारावर अण्णांची थाप पडली, तेव्हा तो पांघरूण ओढून आईला म्हणाला, "ताप आहे म्हणून सांग." पुढच्या आठवड्यात अण्णा गॅलरीत भेटले आणि एवढेच म्हणाले, "माशी शिंकली रे कुठेतरी. आता बंद ते सगळं." त्यांना कळले आहे आणि ते आपल्याला माफ करत आहेत, असे विसाव्या वर्षी सम्यकने स्वतःला समजावले. पुढे परीक्षा होती, मग नोकरी लागली. प्राची जिन्यात समोरून आली तर तो मोबाइल कानाला लावून बोलल्यासारखे करी.

*

दुकान मागच्या गल्लीत, लाकडी जिन्याच्या पहिल्या मजल्यावर होते. बाहेर पाटी नव्हती. ज्याला ठाऊक तोच चढे. आत भिंतीला टेकून रॉड उभे होते, जाळी होती, आणि गळ्यातल्या दोरीला चष्मा लावलेल्या इरावतीबाई होत्या. वडिलांच्या मागे दुकान त्याच चालवत.

"फ्लायचा रॉड? माशीचा?" त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "वर्षातून चार जण येतात विचारत, त्यांतले तीन व्हिडिओ बघून. तुम्ही कितवे?"

"आम्ही व्हिडिओच्या आधीचे," अण्णा म्हणाले.

"मग बसा." त्यांनी स्टूल पुढे सरकवले. "कुठे जाणार, काय धरणार?"

सम्यक अडखळला. "एकच घ्यायचाय. म्हणजे तलावावर, नदीवर, समुद्रावर... सगळीकडे थोडाफार चालेल असा."

"म्हणजे ऑलराऊंड." इरावतीबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या चष्म्याने हसल्यासारखे केले. "नंबर म्हणजे रॉडला पेलणाऱ्या दोरीचं वजन, ठाऊक असेलच. पाच नंबर नदीला, छोट्या माशाला. आठ नंबर समुद्राला. वारा कापतो, पण दिवसभर हात भरून येतो. सगळ्यांना चालणारा रॉड सगळीकडे थोडा थोडा नडतो. पण लोक तोच मागतात. थांबा, माळ्यावरून काढते."

त्या शिडी लावून माळ्यावर चढल्या. खाली दोघेच उरले. सम्यकला वाटले, आता. खोकी सरकवल्याचा आवाज वरून येत होता, रस्त्यावर कोणी भंगारवाला ओरडत होता, आणि अण्णा एका रीळाला कानाशी धरून फिरवत, त्याची कुरकुर ऐकत होते. इतक्या समाधानाने ऐकणाऱ्या माणसाला मध्येच कसे थांबवायचे? त्याने जवळचाच रस्ता धरला.

"प्राची कशी आहे?"

रीळ थांबले.

"बरी आहे. इथेच फणसवाडीत दिली. दहा मिनिटांवर." अण्णांनी रीळ काउंटरवर ठेवले. "गणपतीत मी जातो, दिवाळीत ती येते. बोलतो आम्ही. जेवलीस का, जेवलात का, एवढं बोलतो."

"का बरं?"

"तुला नव्हतं सांगितलं तेव्हा. घरातली गोष्ट." अण्णांनी आवाज खाली आणला. "ती काठी तिनं मोडली ना रे. मी गावी असताना. खडकावर पिशवी सोडली आणि टोक हातात आलं. काठी काय, मास्तर गेला, काठीही जाणार होती कधीतरी. पण ती म्हणाली, मी नाही हात लावला. तोंडावर खोटं. मी तिला खोटारडी म्हटलं, त्या रखमाच्या देखत. तेव्हापासून तिनं गरवणं सोडलं, आणि मी पण."

सम्यकने विचारले, "तिनंच मोडली कशावरून?"

"गाठीवरून." अण्णांच्या सुरात अजूनही साचेखात्यातला जुना अभिमान होता. "पिशवीच्या फितीची सुरगाठ उलटी होती. डाव्या हाताची. अरे, खात्यात चाळीस जणांच्या हातांखालून तार जायची. कापडावर गाठ बघून मी सांगायचो, ही कुणी मारली. माणूस खोटं बोलेल, गाठ नाही बोलत. आणि चाळीत डावखुरं दुसरं होतं कोण? ती मात्र एकच धरून बसली, ती गाठ मी नाही मारली, ती गाठ मी नाही मारली."

सम्यकने आपल्या हातांकडे पाहिले. जेवायला, लिहायला, नकाशे काढायला तो उजवाच होता. पण गाठी त्याने जिन्यात बसून शिकल्या होत्या, तिच्या शेजारी, तिच्या डाव्या हातामागे आपला डावा नेत. अकरा वर्षे त्याने स्वतःच्या एका चुकीचे ओझे वाहिले होते, आणि त्या ओझ्याचा त्याला सूक्ष्मसा अभिमानही होता, हे त्याला आता कळले. खरे ओझे दुसरीच कोणी वाहत होती.

"अण्णा," तो म्हणाला.

"हा घ्या आठ!" वरून लांब नळकांडे आले. "आणि हा सहा. पाच संपलाय. धरा, धरा, डोक्यात पडेल."

त्याने नळकांडी धरली, आणि वाक्य पुन्हा निसटले.

*

इरावतीबाईंचा नियम असा की रॉड दुकानात हलवून बघायचा नाही, गच्चीवर फेकून बघायचा. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये वीसेक पावले मोकळी जागा होती. त्यांनी दोरीच्या टोकाला पिवळ्या लोकरीचा तुकडा बांधून दिला. अण्णांनी तो तुकडा दोन बोटांत धरून पाहिला.

त्यांनी आठ नंबरचा रॉड घेतला. चार तुकड्यांचा, काळा, हलका. त्यांच्या जुन्या काठीशी त्याचे काही नाते नव्हते. पण मनगट वर गेले आणि दोरी मागे निघाली. ती मागे उलगडत गेली, पूर्ण ताणली, हवेत क्षणभर आडवी राहिली, आणि अण्णांनी हात पुढे आणताच टाक्यांवरून सळसळत जाऊन पलीकडच्या कठड्याशी टेकली. लोकरीचा तुकडा सर्वांत शेवटी, अगदी हळू उतरला.

"बाई गं," इरावतीबाई म्हणाल्या.

"खांदा गेला," अण्णा म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकत होते. "ही घे, मेल्या. समुद्रावरच जायचंय ना आपल्याला? मग आठच."

सम्यकने आठ घेतला. हात मागे नेला आणि लगेच पुढे आणला. दोरी चाबकासारखी कडाडली आणि त्याच्याच खांद्यावर पडली.

"घाई! तेव्हाही हेच," अण्णा हसले. "मागची सरळ होऊ दे, मग पुढे ये. मागे काय झालं ते बघायला मान वळवलीस तरी चालेल, कुणी हसत नाही."

पुन्हा घाई झाली. मग त्याने सहा घेऊन पाहिला. सहाने चूक थोडी झाकली. दोरी वेडीवाकडी का होईना, पुढे गेली.

"हाच घेतो," तो म्हणाला.

"सहा? समुद्रावर वारा सुटला की उलटी येईल दोरी."

"तलावावरही नेता येईल ना. मधला बरा."

अण्णांनी खांदे उडवले. "तुझा हात, तुझी काठी."

खाली येऊन इरावतीबाई बिल लिहायला बसल्या. सम्यकने रॉडचे चार तुकडे सुटे केले, पुसले, आणि कापडी पिशवीच्या चार कप्प्यांत एकेक सरकवले. आता बिल होईल, आता जिना उतरू, खाली रसवंतीत बसू, तिथे सांगू. पहिला घोट घेण्याआधीच सांगू. किंवा पेला अर्धा झाल्यावर. हे ठरवता ठरवता त्याच्या बोटांनी पिशवीच्या फिती गुंडाळल्या, एक फास काढला, त्यातून दुसरा ओढला.

मान वर केली तेव्हा अण्णा त्याच्या हातांकडे पाहत होते.

ते पिशवीजवळ आले. चष्मा कपाळावर सारून गाठीवर वाकले, जसे पूर्वी कापडावर वाकत असतील. अंगठ्याने गाठ हलकेच उलटी करून पाहिली, सरळ करून पाहिली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"प्राचीनं," सम्यक म्हणाला. "जिन्यात. अण्णा, मी आज तुम्हाला—"

"थांब."

"मी सांगणारच होतो. त्यासाठीच बोलावलं होतं."

"आता नको सांगूस." अण्णांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "आता मला दिसलं."

इरावतीबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. अण्णा स्टुलावर बसले. बराच वेळ ते स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होते, जणू चूक त्याची होती.

"गाठ खोटं बोलत नाही," शेवटी ते म्हणाले. "वाचणारा मूर्ख होता."

सम्यकला जन्मभर पुरेल एवढे त्याच क्षणी कळले होते. चार शब्द त्याने अकरा वर्षे, आणि आज दुपारपासून तीनदा, पुढे ढकलले. आणि ते आता त्याचे उरलेच नव्हते. यापुढे तो काहीही बोलला तरी त्याने कबूल केले असे होणार नव्हते. तो सापडला होता.

अण्णा उठले. "उचल ती काठी. चल."

"कुठे?"

"फणसवाडीत."

*

अण्णा पुढे आणि सम्यक मागे, असे ते गेले. गिरगावातली दुपार उतरत होती. दुकानांतून पापड-मसाल्यांचा वास येत होता. अण्णा रस्ता ओलांडताना नेहमीसारखे थांबत नव्हते. गाड्या त्यांच्यासाठी थांबत होत्या. वाडीच्या तोंडाशी मात्र ते उभे राहिले.

"तुझ्या वतीनं मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "मला माझं बोलायचंय. तुझं तू."

दुसऱ्या मजल्यावर प्राचीने दार उघडले. हातात मेथीची अर्धवट निवडलेली जुडी होती, केस वर बांधलेले, कानांजवळ एक-दोन पांढरे. वडिलांना अवेळी पाहून ती घाबरली. "आई बरी आहे ना?" मग त्यांच्या मागचा सम्यक तिला दिसला, आणि मग त्याच्या हातातली लांब पिशवी.

"आई बरी आहे," अण्णा म्हणाले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून, कोर्टात उभे राहिल्यासारखे, ते पुढे म्हणाले, "प्राची, ती गाठ तुझी नव्हती."

तिने मेथी खाली ठेवली नाही.

"हे सांगायला जिने चढून आलात? फोन करायचा."

"फोनवर बोलायची गोष्ट नव्हती."

"खडकावर, रखमामावशीसमोर बोलायची होती," ती म्हणाली, आणि बाजूला झाली. "या आत. पाणी घ्या आधी."

अण्णा खुर्चीवर टेकले. तांब्यातले पाणी त्यांनी गटागटा प्यायले आणि पेला हातातच धरून ठेवला. सम्यक दाराशी उभा होता. आता तरी मागची दोरी सरळ होऊ द्यावी म्हणून तो थांबला, आणि मग बोलला.

"काठी मी मोडली होती. पंख्यात. तुझं नाव आलं ते मला आज कळलं."

"मला तेव्हाच कळलं होतं," प्राची म्हणाली.

अण्णांनी झटकन मान वळवली. "काय?"

"गाठ उलटी म्हटल्यावर कळायला काय लागतं, अण्णा? मी नाही मारली, तर माझ्यासारखी कोण मारणार? शिकवली कुणाला मी?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही माझं ऐकत होतात?" तिने जुडीतली एक काडी मोडली. "आणि मला वाटलं, हा सांगेल. ताप उतरला की येईल आणि सांगेल. दोन रविवार थांबले मी. खोटं कशाला, तीन." ती सम्यककडे न पाहता बोलत होती. "गॅलरीत तुझी चप्पल वाजली की वाटायचं, आला. मग कळलं, तू पुढच्या जिन्यानं जातोस. मग राग आला, आणि मग काय, रागाची सवय होते."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"मी तुला खोटारडी म्हटलं," अण्णा म्हणाले.

"हो," प्राची म्हणाली. त्यात माफीही नव्हती आणि रागही उरला नव्हता. मोजमाप बरोबर आहे असे सांगावे, तसा तो हो होता. अण्णांनी पेला खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्याने डोळे न पुसता नुसता चष्माच पुसला.

सम्यकने पिशवी पुढे केली. "ही तुझ्यासाठी." हे त्याने ठरवले नव्हते, पण हातात दुसरे काहीच नव्हते.

तिने पिशवी घेतली, वजन पाहिले. "किती नंबर?"

"सहा."

"समुद्रावर कमी पडेल, तलावावर जास्त होईल." पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिले. "तू नेहमी मधलंच घेतोस रे, सम्यक. म्हणजे कुठलीच बाजू घ्यावी लागत नाही."

मग तिची नजर गाठीवर गेली. ती किंचित हसली. ते हसू जिन्यातल्या त्या मुलीचे होते आणि क्षणात गेले.

"अण्णा, बघा. ही पण मी नाही मारली."

अण्णांनी मान खाली घातली.

तिने डाव्या हाताने एक टोक ओढले. गाठ आपोआप सुटली. मग फिती दोन्ही हातांत घेऊन ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि सावकाश, चुकत, पुन्हा सोडून, तिने ती उजव्या हाताने बांधली. गाठ ओबडधोबड झाली, लहान मुलाने बुटाला मारावी तशी.

"घे," पिशवी परत देत ती म्हणाली. "मला नको. माझा हात विसरला ते सगळं. आणि आता ही कुणाची म्हणून कुणाला ओळखता येणार नाही."

तिने अण्णांना जेवायला थांबवून घेतले. सम्यकला थांब म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. तो दोन मिनिटे उभा राहिला, मग जिना उतरला. खालच्या वळणावर त्याला वरून अण्णांचा आवाज ऐकू आला. ते मेथीबद्दल काहीतरी विचारत होते, आणि प्राची त्यांना जुडी कशी निवडायची ते सांगत होती.

लालबागच्या भाड्याच्या खोलीत सम्यकने भिंतीत दोन खिळे ठोकले आणि रॉड त्यावर टांगला. वरचा पंखा दूर आहे ना, हे त्याने आधी पाहिले. महिना उलटला. दोनदा तो एकटाच मच्छीमार नगरात जाऊन आला, रिकाम्या हातांनी. रखमा तिथेच बोंबील उलथत होती. "परबभाऊ कुठे गेले वो? आणि ती पोरगी?" तिने विचारले. "आमचा समुद्र घामानं भिजला इकडे." त्याने काहीतरी उत्तर दिले.

रॉड बाहेर काढायचा तर पिशवी सोडावी लागेल. सोडली की परत बांधावी लागेल, आणि तिने चुकत चुकत बांधलेली ती उजवी गाठ त्याला बांधता येत नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी तो बुटाची एक जुनी नाडी घेऊन बसतो. उजवे टोक डाव्यावरून घ्यायचे, फास काढायचा, एवढेच तर आहे. पण अर्ध्या वाटेत बोटे आपसूक वळतात, डावा हात पुढे होतो, आणि नाडीवर तिची जुनी उलटी गाठ बसते.